टोनी बॅझिल : एका गाण्याआड गेलेली दिग्दर्शिका

१९८२च्या डिसेंबरात ‘मिकी’ हे गाणं अमेरिकेतल्या बिलबोर्ड या साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत एक आठवडा पहिल्या क्रमांकावर होतं. तेव्हापासून टोनी बॅझिलच्या नावाला ‘एका गाण्याची गायिका’ ही चिठ्ठी चिकटली, ती चिकटलीच. त्या आठवड्यात ती ३९ वर्षांची होती आणि तोवर तिने पडद्यावर आणि पडद्यामागे जवळपास दोन दशकं काम केलेलं होतं.

तिचा जन्म १९४३चा, फिलाडेल्फियातला. वडील वाद्यवृंद चालवायचे, आई रंगमंचावर कसरतीची कामं करायची. वाढली लास वेगासमध्ये. साठच्या दशकात टीव्हीवरच्या संगीताच्या कार्यक्रमांत नाचणं आणि नाच बसवणं, दोन्ही तिने केलं. १९६९च्या ‘ईझी रायडर’मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या कब्रस्तानातला जो प्रसंग आहे, त्यातल्या दोन मुलींपैकी एक ती. पुढच्याच वर्षी ‘फाइव्ह ईझी पीसेस’मध्ये ती अलास्काला निघालेली वाटसरू झाली. भूमिका छोट्या, पण चित्रपट मोठे.

तिच्या पुढच्या वाटेचं मूळ मात्र या चित्रपटांत नाही, १९६६च्या एका लघुपटात आहे. ब्रूस कॉनर या चित्रकाराने तो काढला. काळी पार्श्वभूमी, कॅमेऱ्यासमोर एकटी नाचणारी बॅझिल आणि तिच्याच आवाजातलं गाणं. अर्ध्यावर आल्यावर तीच फिल्म उलटी फिरते, गाण्यासकट. ‘म्युझिक व्हिडिओ’ हा शब्द रुळायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. नाच कॅमेऱ्यासमोर होतो तितकाच तो संकलनाच्या कात्रीखालीही घडतो, हे तिने तिथे आपल्या अंगावर अनुभवलं, असं मला ठामपणे वाटतं.

सत्तरच्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये डॉन कॅम्पबेल या नर्तकाबरोबर तिने ‘लॉकर्स’ हा नाचणाऱ्यांचा गट उभा केला. ‘लॉकिंग’ ही कॅम्पबेलची शैली. नाचता नाचता अंग एकदम कुलूप लागल्यासारखं थिजतं, म्हणून ते नाव. गटात ती एकटीच बाई. क्लबात आणि रस्त्यावर नाचणाऱ्या या मुलांना राष्ट्रीय टीव्हीपर्यंत नेण्यात तिचा वाटा मोठा होता. १९७४मध्ये डेव्हिड बोवी या ब्रिटिश गायकाच्या दौऱ्याचे नाचही तिनेच बसवले.

आता खरा गुंता. मराठीत आपण सहज ‘नृत्यदिग्दर्शक’ म्हणतो, म्हणजे ‘दिग्दर्शक’ त्या शब्दातच बसलेला असतो. अमेरिकेच्या श्रेयनामावलीत मात्र नाच बसवणाऱ्याची ओळ वेगळी आणि दिग्दर्शकाची वेगळी. या दोन ओळींमध्ये बॅझिलचं काम सांडलं. ‘टॉकिंग हेड्स’ या बँडच्या ‘वन्स इन अ लाइफटाइम’ या गाण्याचा व्हिडिओ घ्या. दिग्दर्शनाचं श्रेय गायक डेव्हिड बर्न आणि बॅझिल या दोघांचं आहे. तरी अनेक लेखांत तिचा उल्लेख येतो तो नाच बसवणारी म्हणून.

तिने स्वतः सांगितलेली हकिगत नेमकी उलटी आहे. बर्नला अंगात आलेल्या, भान हरपलेल्या माणसांच्या हालचाली अभ्यासायच्या होत्या. दोघांनी विद्यापीठांच्या संग्रहातले माहितीपट बसून पाहिले आणि त्यातून त्या हालचाली बर्नने आपल्या अंगात उतरवल्या. म्हणजे कपाळावर हात मारून घेणं, सुरीने कापावं तसा एक हात दुसऱ्या हातावरून चालवत नेणं, हे घडवलं बर्नने. मग बॅझिलचं काय? तर चौकट तिची. सूट, बो टाय आणि चष्मा घातलेला, घामाघूम झालेला एकच माणूस पडद्यावर ठेवायचा, मागे नुसत्या प्रतिमा सरकत राहतील, आणि त्याच्या अंगावरून नजर हलू द्यायची नाही, हे ठरवणं म्हणजेच दिग्दर्शन. कॅमेरा गरगर फिरला तरच दिग्दर्शन झालं, असं मानणाऱ्यांना ते दिसत नाही.

त्याच बँडच्या ‘क्रॉसआइड अँड पेनलेस’साठी तिने याहून धाडसी निर्णय घेतला. व्हिडिओत बँडच नाही. आहेत ते फक्त रस्त्यावरचे नर्तक. त्यातला एक जण पुढे चालल्याचा भास देत मागे घसरत जातो. मायकेल जॅक्सनने १९८३मध्ये टीव्हीवर तीच चाल केली आणि ती ‘मूनवॉक’ म्हणून जगभर गेली. हा व्हिडिओ त्याआधीचा.

‘मिकी’कडेही याच नजरेने पाहायला हवं. मूळ गाणं एका ब्रिटिश बँडचं, १९७९चं, ‘किटी’ नावाच्या मुलीला उद्देशून. बॅझिलने ‘किटी’चा ‘मिकी’ केला आणि चीअरलीडरच्या, म्हणजे सामन्यांत नाचत-ओरडत आपल्या संघाला चेव आणणाऱ्या मुलीच्या, घोषणेची जोड दिली. शाळेत ती स्वतः चीअरलीडर होती. व्हिडिओतला पोशाखही तिचा तोच, लास वेगासच्या शाळेतला. कोरी पांढरी पार्श्वभूमी, मुलींचे मनोरे, आणि दिग्दर्शन तिचं स्वतःचं. १९८१चा तो अल्बमच मुळी व्हिडिओंसकट आखलेला होता. म्हणजे ज्या गाण्यामुळे तिला एका गाण्याची गायिका म्हणतात, ते गाणं लोकांच्या डोळ्यांत बसलं ते तिच्या दिग्दर्शनामुळे.

‘मिकी’ गाण्याच्या वापरावरून २०१७मध्ये ती अनेक बड्या कंपन्यांविरुद्ध न्यायालयात गेली. २०१९मध्ये साठच्या दशकातल्या हॉलिवूडवर आलेल्या, दिग्दर्शक क्वेंटिन टॅरँटिनोच्या चित्रपटाचे नाच बसवायला तिलाच बोलावलं गेलं. ज्या काळाचे नाच तिथे उभे करायचे होते, त्या काळात ती स्वतः तिथे नाचली होती. या चित्रपटाच्या श्रेयनामावलीतही तिचं नाव नाच बसवणाऱ्याच्या ओळीत आहे.