मावशी, मी व्हिज्युअल आहे ना!

मागच्या मे महिन्यात माझा भाचा सुट्टीला आमच्याकडे इंदिरानगरला आला. त्याच्या बॅगेत एक जाडजूड रंगीत फाइल होती. बहिणीने कुठल्याशा सेंटरवर बरेच पैसे भरून त्याची टेस्ट करून घेतली होती आणि रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की मुलगा 'व्हिज्युअल लर्नर' आहे, म्हणजे याला बघून शिकवा. मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते म्हणून ती फाइल मुद्दाम पाठवली होती. दुसऱ्या दिवशी त्याला एक धडा वाचायला दिला तर म्हणाला, "मावशी, मला वाचून नाही कळत, मी व्हिज्युअल आहे ना." बारा वर्षांचं पोर, आणि वाचन आपलं काम नाही असं त्याच्या मनात पक्कं बसलेलं. मला त्या रात्री झोप नाही लागली.

खरं सांगायचं तर बी.एड. केलं तेव्हा मीही हेच शिकले होते, कोणी बघून शिकतं, कोणी ऐकून, कोणी हाताने करून, म्हणजे प्रत्येकाची आपली एक 'लर्निंग स्टाइल' असते. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी १९८७ च्या सुमारास यातूनच 'वार्क' नावाची प्रश्नावली बनवली, त्यात वाचून-लिहून शिकणारे असा चौथा गटही होता. आणि ही काही एकटीच पद्धत नाही, २००४ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी मोजलं तेव्हा असे तब्बल ७१ वेगवेगळे साचे सापडले.

आता हे खरं आहे की नाही ते तपासायचं कसं? हे मी पालकांना द्राक्षाच्या उदाहरणाने सांगते, कारण आपल्याकडे ते लगेच कळतं. समजा कोणी म्हणालं की थॉमसनला एक खत मानवतं आणि शरद सीडलेसला दुसरं. मग तुम्ही थॉमसनला फक्त पहिलं खत घालून बघाल आणि घड चांगले आले म्हणून खूश व्हाल का? नाही ना. दोन्ही जातींच्या निम्म्या झाडांना पहिलं आणि निम्म्या झाडांना दुसरं खत घालावं लागेल, आणि जर एकाच खताने दोन्ही जाती चांगल्या आल्या तर जातीप्रमाणे खत बदलायची गरजच नाही, चांगलं खत ते चांगलंच. मुलांचंही तसंच आहे. बघणाऱ्या आणि ऐकणाऱ्या दोन्ही गटांतल्या निम्म्या मुलांना चित्रांनी आणि निम्म्यांना नुसतं बोलून शिकवायचं, सगळ्यांना एकच परीक्षा द्यायची, आणि बघणाऱ्यांना चित्रांनी जास्त मार्क पडले आणि ऐकणाऱ्यांना बोलण्याने, तरच ती स्टाइल खरी.

२००८ मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं सगळं संशोधन याच कसोटीवर तपासलं. इतकी पुस्तकं, इतक्या वर्कशॉप, पण असा नीट केलेला प्रयोग जवळजवळ नव्हताच, आणि जे मोजके होते त्यातले बरेचसे उलटं सांगत होते. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेत बेथ रोगॉस्की यांनी मोठ्या माणसांवर प्रयोग केला, काहींना पुस्तकाचा भाग ऐकवला, काहींना तोच वाचायला दिला, लगेच आणि दोन आठवड्यांनी पुन्हा परीक्षा घेतली. आपल्या स्टाइलप्रमाणे शिकलेल्यांचा काहीच जास्त फायदा झाला नाही.

म्हणजे आवड खोटी असते असं नाही हं. भाच्याला व्हिडिओ आवडतात हे खरंच आहे, पण आवडणं वेगळं आणि डोक्यात टिकणं वेगळं.

मग पद्धत ठरवायची कशावरून? आधी विषयावरून. दिंडोरीकडे माझ्या सासऱ्यांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला, नवीन माणूस आला की ते काही त्याची स्टाइल विचारत नाहीत, काडी हातात देतात, तिच्यावरचे डोळे (कोंब फुटतात त्या जागा) मोजायला लावतात, कुठे कापायचं ते दाखवतात आणि कातर त्याच्याच हातात देतात, कारण छाटणी तशीच शिकता येते. ढोलाचा ठेका ऐकल्याशिवाय येणार नाही, गोदावरी कुठून कुठे जाते ते नकाशाशिवाय कळणार नाही. ही गरज वर्गातल्या प्रत्येकाची असते, आणि चित्र आणि शब्द दोन्ही मिळाले तर प्रत्येकाच्याच जास्त लक्षात राहतं.

आणि मुलांमुलांत फरक असतोच, तो मी कशाला नाकारू? पण तो बघायचा कुठे हे महत्त्वाचं. एखाद्याला चष्मा लागलाय आणि घरात कोणाच्या लक्षात नाही. एखाद्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण आहे, त्याला खरंच वेगळी आणि तज्ज्ञांची मदत लागते. सटाणा-मालेगावकडच्या मुलाच्या घरी अहिराणी बोलतात, सुरगाणा-पेठच्या मुलांच्या घरी कोकणा, आणि पुस्तकातली मराठी त्यांना अर्धी परकी वाटते. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे कोणाला आधीचं किती येतंय. पाचवीतल्या ज्या मुलाला वजाबाकीच येत नाही त्याला भागाकार कितीही रंगीत करून दाखवा, उपयोग काय? 'प्रथम' संस्था नेमकं हेच बघते, मूल अक्षर वाचतंय, शब्द, परिच्छेद की अख्खी गोष्ट, आणि इयत्ता बाजूला ठेवून त्या पातळीप्रमाणे गट करून शिकवते. त्यांचाच मुंबई आणि बडोद्यातला बालसखी कार्यक्रम, तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक ताई रोज दोन तास शिकवायची, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो वगैरे अर्थशास्त्रज्ञांनी तो मोजून बघितला आणि मुलांचे मार्क खरंच वाढले होते. मला विचाराल तर त्या रंगीत फाइलचे पैसे इथे लावावेत.

अजून एक प्रयोग मला फार आवडतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. काहींनी तो दोनदा वाचला, बाकीच्यांनी एकदा वाचून मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढे, ८१ टक्के आणि दुसरे ७५. पण आठवड्याने बघितलं तर वाचणारे ४२ वर घसरलेले आणि आठवून लिहिणारे ५६ वर.

भाच्याबरोबर मी हेच सुरू केलं. पचनसंस्थेचा धडा, आधी वाचायचा, मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आकृती काढायची आणि शेजारी आपल्या शब्दांत लिहायचं काय कुठे होतं ते. पहिल्या दिवशी कुरकुर केली, जठरानंतर गाडी अडली आणि लहान आतड्याच्या जागी त्याने नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. मी काही सांगितलं नाही. थोडा वेळ कागदाकडे बघत बसला, मग स्वतःच पुस्तक ओढलं आणि बोट ठेवून ते पान वाचायला लागला.