पदवीऐवजी अनुभव : कुशल व्हिसाच्या नियमांमागचा इतिहास

पदवी नसतानाही कुशल कामाचा व्हिसा मिळू शकतो. अनेक देशांच्या नियमांत ही वाट पूर्वीपासून आहे. गाडी अडते ती वेगळ्याच ठिकाणी. दहा-बारा वर्षांचे काम पदवीच्या तोडीचे होते, हा निवाडा करायचा कोणी? प्रत्येक देशाने हा अधिकार वेगळ्या हाती दिला. त्यामुळे एका देशासाठी नीट जुळवलेली फाइल दुसऱ्या देशात जशीच्या तशी चालत नाही.

अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात ‘एच-१’ हा वर्ग ‘विशेष गुणवत्ता आणि क्षमता’ असलेल्या परदेशी व्यक्तींसाठी होता. पदवीची अट त्यात लिहिलेली नव्हती. मात्र १९६५ मध्ये त्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीने ‘प्रोफेशन’च्या व्याख्येत वास्तुविशारद, इंजिनिअर, वकील, डॉक्टर, सर्जन आणि शिक्षक यांची नावे घातली. पुढच्या काळात इमिग्रेशन खात्याने आपल्या निर्णयांतून दोहोंची सांगड घातली आणि पदवीधारकांच्या पेशातला माणूस ‘गुणवत्तेचा’ धरला जाऊ लागला. १९९० च्या कायद्याने ‘एच-१बी’ हा वर्ग आखून ‘स्पेशालिटी ऑक्युपेशन’ची व्याख्या केली आणि त्या विषयातली बॅचलर पदवी ‘किंवा तिच्या बरोबरीचे’ काही असावे, असे स्पष्ट लिहिले. फॅशन मॉडेल तेवढे जुन्याच मापाने मोजले जातात. एच-१बी त्यांनाही मिळतो, पण पदवीचा प्रश्न येत नाही.

पदवी नसलेल्याचे सगळे भवितव्य ‘किंवा’नंतरच्या त्या शब्दांवर उभे आहे. कायद्यानुसार बरोबरी सिद्ध करताना दोन गोष्टी दाखवाव्या लागतात : त्या विषयातला पदवीतुल्य अनुभव, आणि चढत्या जबाबदारीच्या पदांवर काम करताना त्या क्षेत्राने दिलेली मान्यता. पहिली गोष्ट जवळपास सगळेच मांडतात. दुसरी विसरली की फाइल परत येते.

प्रसिद्ध ‘तीनास एक’ नियम याच कायद्याखालच्या नियमावलीतला. कॉलेजच्या दर कमी पडणाऱ्या वर्षामागे तीन वर्षांचे विशेष प्रशिक्षण किंवा काम. अमेरिकी बॅचलर चार वर्षांची, म्हणून कॉलेजची पायरीच न चढलेल्याला १२ वर्षे लागतात. दोन वर्षांचे कॉलेज-पातळीचे शिक्षण मान्य झाले तर ६. तीन वर्षांची भारतीय पदवीही या हिशेबातून सुटत नाही. १९७७ च्या ‘मॅटर ऑफ शाह’ या निर्णयात इमिग्रेशन खात्याने तीन वर्षांची भारतीय बी.एस्सी. अमेरिकी बॅचलरच्या बरोबरीची धरली नाही. अशा पदवीधरालाही त्यामुळे एका वर्षाची तूट म्हणून तीन वर्षांचा अनुभव जोडावा लागतो. वर्षे मोजताना फक्त त्याच विषयातले काम धरतात. हेल्पडेस्कवरची चार वर्षे सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या खात्यात सरसकट जमा होत नाहीत.

नुसती १२ वर्षे भरूनही चालत नाही. कामात त्या शास्त्राच्या तात्त्विक आणि प्रत्यक्ष ज्ञानाचा वापर होता, आणि सहकारी, वरिष्ठ किंवा हाताखालच्या माणसांकडे त्या विषयातली पदवी किंवा तिच्या बरोबरीची पात्रता होती, हे दाखवावे लागते. शिवाय मान्यतेचा किमान एक पुरावा हवा : क्षेत्रातल्या किमान दोन जाणकारांची मते, व्यावसायिक संघटनेचे सदस्यत्व, अर्जदाराविषयी छापून आलेला मजकूर, परदेशातला परवाना किंवा नोंदणी, अथवा एखाद्या जाणकाराने महत्त्वाचे ठरवलेले काम. जाणकाराच्या पत्रात त्याची स्वतःची पात्रता, अशी मते देण्याचा त्याचा अनुभव, निष्कर्षाप्रत तो कसा पोचला आणि कशाच्या आधारावर, हे चारही यावे लागते. ‘मी यांना ओळखतो, ते हुशार आहेत’ या धर्तीच्या पत्राचा काडीचा उपयोग नाही.

बरोबरी सिद्ध करायला नियमावलीत पाच वाटा आहेत आणि अधिकाऱ्याने स्वतः हा तीनास एकचा हिशेब मांडणे ही त्यांपैकी शेवटची. बाकीच्या चारांपैकी सर्वात वापरातली म्हणजे विद्यापीठातल्या व्यक्तीचे मूल्यमापन, आणि सर्वाधिक घोळही तिथेच होतो. असे मत देणाऱ्याकडे अनुभवावरून कॉलेजचे क्रेडिट देण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि त्याच्या मान्यताप्राप्त संस्थेत असे क्रेडिट देणारा कार्यक्रमही असला पाहिजे. प्राध्यापकाचे नाव कितीही मोठे असो, डीन किंवा रजिस्ट्रारने या अधिकाराला पुष्टी देणारे पत्र नसेल तर शंका निघतेच. पदव्यांचे मूल्यमापन करणाऱ्या खासगी सेवेचे काम आणखी मर्यादित आहे. ती परदेशी शिक्षणाची किंमत ठरवू शकते, नोकरीच्या अनुभवाची नाही. तरीही शिक्षण आणि अनुभव एकाच कागदावर बेरीज करून देणारे अहवाल सर्रास जोडले जातात आणि अनुभवाचा भाग बाजूला काढला जातो. १९८८ च्या ‘मॅटर ऑफ सी’ या निर्णयाने असे मूल्यमापन केवळ सल्ल्याच्या स्वरूपाचे ठरवले, म्हणजे पटले नाही तर अधिकारी ते बाजूला ठेवू शकतो. उरलेल्या दोन वाटा, कॉलेज-पातळीच्या समतुल्यता परीक्षा आणि व्यावसायिक संघटनेचे प्रमाणपत्र, फारसे कोणी चालत नाही.

हा हिशेब ग्रीन कार्डपर्यंत टिकत नाही, हे मात्र आधीच लक्षात घ्यावे. रोजगारावर आधारित दुसऱ्या वर्गाच्या ‘ॲडव्हान्स्ड डिग्री’ भागात आणि तिसऱ्या वर्गाच्या ‘प्रोफेशनल’ भागात खरी पदवी लागते. तिथे तीनास एक चालत नाही. पदवी नसलेल्यासाठी बहुधा तिसऱ्या वर्गातला ‘स्किल्ड वर्कर’ हा भाग उरतो, ज्यात कामाला किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण किंवा अनुभव लागत असावा. ‘समतुल्य’ म्हणजे नेमके काय, हे मालकाने कामगार खात्याकडच्या अर्जात सुरुवातीलाच लिहिलेले नसेल, तर नंतर ते दुरुस्त करता येत नाही.

जर्मनीने वेगळी युक्ती काढली : पगारालाच साक्षीदार केले. ऑगस्ट २००० मध्ये सुरू झालेल्या आयटी ‘ग्रीन कार्ड’ योजनेत पदवी तरी हवी होती किंवा वर्षाला किमान १,००,००० जर्मन मार्कांचा (युरोपूर्वीचे चलन) पगार. एवढी रक्कम मोजणारा मालक माणसाची पारख करूनच मोजत असणार, असा त्यामागचा तर्क. युरोपीय संघाच्या २००९ च्या ब्ल्यू कार्ड (उच्चकुशल परदेशी कामगारांचा निवास-परवाना) निर्देशाने पदवीऐवजी किमान पाच वर्षांचा उच्चशिक्षणाच्या पातळीचा अनुभव धरण्याची मुभा सदस्य देशांना दिली, पण सक्ती केली नाही. २०२१ च्या सुधारित निर्देशाने आयटीतल्या ठरावीक पदांसाठी मागच्या सात वर्षांतला तीन वर्षांचा अनुभव पुरेसा ठरवला. जर्मनीत ही तरतूद नोव्हेंबर २०२३ पासून लागू आहे.

त्याच्याच शेजारी अनुभवी कामगारांसाठी जर्मनीचा स्वतःचा आणखी एक मार्ग आहे आणि दोघांची गल्लत नेहमी होते. मार्च २०२० मध्ये तो खुला झाला तेव्हा आयटीवाल्याला मागच्या सात वर्षांत तीन वर्षांचा अनुभव आणि जर्मन भाषाही लागे. मार्च २०२४ पासून मागच्या पाच वर्षांत दोन वर्षे पुरतात आणि आयटीसाठी भाषेची अट गेली. निवृत्तिविम्याची वर्गणी ज्या वार्षिक पगारापर्यंत आकारतात, त्या कमाल मर्यादेच्या किमान ४५ टक्के पगार हवा. २०२५ साठी तो ४३,४७० युरो होता. हा आकडा दर जानेवारीत बदलतो, म्हणून जुन्या ऑफर लेटरवर विसंबू नये. आयटीबाहेरच्या अर्जदाराला याच मार्गाने जायचे तर मायदेशात सरकारमान्य असलेली पात्रता हवी, व्यवसायशिक्षण असेल तर किमान दोन वर्षांचे. ब्ल्यू कार्डसाठी अनुभव उच्चशिक्षणाच्या पातळीचा असावा लागतो, या दुसऱ्या मार्गाला तेवढी उंची लागत नाही. सपोर्ट किंवा टेस्टिंगमध्ये वर्षे काढलेल्याने ब्ल्यू कार्डचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

जर्मनीत नोकरी सोडताना कामाचे सविस्तर प्रशस्तिपत्र मागणे हा कर्मचाऱ्याचा कायदेशीर हक्कच आहे. तशा पत्रांची सवय असलेल्या अधिकाऱ्यापुढे दोन ओळींचे ‘रिलीव्हिंग लेटर’ ठेवले तर ते त्याला अपुरे वाटणार, यात नवल नाही.

जपानमध्ये इंजिनिअर-मानव्यविद्या तज्ज्ञ या दर्जासाठी पदवीला पर्याय म्हणून दहा वर्षांचा अनुभव मागतात. त्यात संबंधित विषय शिकण्यात गेलेली वर्षेही धरतात, ही सवलत बऱ्याच जणांना माहीत नसते. आयटीसाठी ठरावीक परीक्षांचीही वाट आहे आणि त्या यादीत भारताच्या डोएक (संगणक अभ्यासक्रमांची सरकारी संस्था, DOEACC) संस्थेचे ए, बी आणि सी स्तर आहेत. परदेशी पाककृती करणाऱ्या आचाऱ्यांचा दर्जा वेगळा, पण आकडा तोच, दहा वर्षे.

ऑस्ट्रेलियाची परंपरा कारागिरांपासून सुरू होते. युद्धातून परतलेल्यांच्या कौशल्याला मान्यता देण्यासाठी तिथे १९४६ मध्ये ‘ट्रेड्समेन्स राइट्स रेग्युलेशन ॲक्ट’ आला आणि त्याखाली स्थानिक समित्या नेमल्या गेल्या. कौशल्याची पारख व्हिसा अधिकाऱ्याने न करता त्या पेशातल्या जाणकारांनी करायची, ही पद्धत आजही टिकून आहे. आयटीसाठी ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी पदवीविना आलेल्यांकडून प्रकल्प अहवाल मागवते. अहवालात ‘आम्ही’ने भरलेली वाक्ये असली की अर्जदाराचा वाटा दिसत नाही, आणि विकत घेतलेला किंवा दुसऱ्याचा उचललेला मजकूर तपासणीत पकडला जातो. पात्र ठरण्यासाठी खर्ची पडलेली वर्षे पुन्हा व्हिसाच्या गुणांकनासाठी मोजली जात नाहीत. दहा वर्षांच्या अनुभवाचे गुण गृहीत धरून बसलेल्यांचा हिशेब इथे कोलमडतो.

ब्रिटनने प्रश्नच बदलला. तिथल्या नियमांत पातळी पाहतात ती कामाची, माणसाच्या पदवीची नाही. ही पातळी मात्र सतत हलत राहिली : २०१२ मध्ये ती पदवीच्या स्तरावर, म्हणजे ६ वर नेली, डिसेंबर २०२० मध्ये ३ वर आणली आणि २२ जुलै २०२५ पासून पुन्हा ६ वर. पदवी नसलेला माणूस सहाव्या स्तराच्या पदावर जाऊ शकतो. पण मालकाने सरकारी व्यवसाय-यादीतून निवडलेला कोड आणि प्रत्यक्षातले काम जुळले पाहिजे. इंग्रजी माध्यमातल्या पदवीने भाषेची अट भागवण्याची सोय नसल्याने मान्यताप्राप्त परीक्षेचा खर्चही धरावा लागतो.

अनुभवाचे पत्र मात्र सगळीकडेच लागते. त्यावर कंपनीचे लेटरहेड, सही करणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि संपर्क, रुजू झाल्याची व सोडल्याची पूर्ण तारीख, आठवड्याचे तास, प्रत्येक बढतीची तारीख, कामांची यादी आणि प्रत्येक कामाला जाणारा साधारण वेळ, कोणाच्या हाताखाली काम केले आणि किती जणांवर देखरेख केली, एवढे असावे. अमेरिकेसाठी त्या वरिष्ठांच्या व सहकाऱ्यांच्या पदव्याही लिहून घ्याव्यात. दोन वेगळ्या कंपन्यांच्या पत्रांत शब्दशः तेच परिच्छेद, किंवा सरकारी व्यवसाय-यादीतून जसेच्या तसे उतरवलेले वर्णन दिसले की अधिकारी थेट मालकाला फोन लावू शकतो. पत्रातल्या तारखा पगारपत्रके, कराची विवरणपत्रे आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींशी ताडून पाहाव्यात. एका महिन्याचा फरकही स्पष्टीकरण मागतो. कंपनी बंद पडली असेल तर तिथल्या वरिष्ठाचे शपथपत्र, तो त्या काळात तिथेच होता याचा पुरावा आणि अर्जदाराच्या बँक खात्यात जमा झालेल्या पगाराच्या नोंदी एकत्र जोडतात. नुसते शपथपत्र सहसा कमी पडते, म्हणून नोकरी सोडतानाच हे पत्र घेऊन ठेवणे सर्वात स्वस्त.