पडद्यावरचा गुन्हा आणि गुन्हेशास्त्र

सिनेमात दाखवलेला गुन्हा घ्यायचा आणि तो माणूस तिथपर्यंत गेलाच कसा हे गुन्हेशास्त्रातल्या सिद्धांतांनी सोडवून बघायचं, अशी ही अभ्यासाची पद्धत. निकोल राफ्टर या अमेरिकन अभ्यासक बाईंनी २००० साली गुन्हेपटांवर पुस्तक लिहिलं आणि २०११ मध्ये मिशेल ब्राऊनसोबत दुसरं, त्यात तर एकेका सिद्धांताला एकेक सिनेमा जोडूनच दाखवलाय. त्यांचं म्हणणं साधं होतं, की विद्यापीठातलं गुन्हेशास्त्र वाचणारे मूठभर, पण गुन्हेगार असा का झाला याबद्दल लोकांच्या डोक्यात जे काही असतं ते बरंचसं सिनेमातून आलेलं असतं, म्हणून तेही एक प्रकारचं गुन्हेशास्त्रच, लोकांचं. मराठवाड्यात समाजशास्त्र, लॉ किंवा फॉरेन्सिकची पोरं हे असाइनमेंट म्हणून करतात, आणि टपरीवर तर ते कुठलाही सिद्धांत न वाचता रोज चालूच असतं.

सुरुवात बहुतेक वेळा रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञापासून होते. १९३८ च्या लेखात त्याने मांडलं की समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो पण तिथे जायचा सरळ रस्ता सगळ्यांना देत नाही, मग त्या ताणाखाली माणसं पाच प्रकारे वागतात. हे लातूर-नांदेडच्या पोरांना समजवायला अमेरिका लागत नाही. क्लास लावून रात्रंदिवस घासणारा पहिला. स्वप्न तेच पण कॉपी पुरवून नाहीतर डमी बसवून पास होणारा दुसरा, मर्टन त्याला नवा मार्ग काढणारा म्हणतो आणि बहुतेक गुन्हेगार याच खान्यात येतात. निवड होणार नाही हे मनातून कळलेलं असूनही दरवर्षी फॉर्म भरून लायब्ररीत खुर्ची धरणारा तिसरा, सगळं सोडून बाटलीला लागलेला चौथा, आणि ही परीक्षाच मोडीत काढा म्हणणारा पाचवा.

आता 'मुळशी पॅटर्न' (२०१८) घ्या, प्रवीण तरडेंचा. जमीन विकली, पैसा उडाला, एकेकाळचा पाटील बाप दुसऱ्याच्या दारात राबतोय, आणि पोरगा गँगमध्ये. दुसरा खाना, चपखल बसतो. पण छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्याकडे किंवा समृद्धी महामार्गाच्या पट्ट्यात जमिनीचा पैसा आलेली घरं बघितली की लगेच प्रश्न पडतो, कारण पैसा आला, गाड्या आल्या, काहींचा संपलाही, तरी सगळी पोरं काही कोयता घेऊन निघाली नाहीत. मर्टन ताण कुठून येतो ते सांगतो, त्या ताणाखालचा नेमका कोणता पोरगा फुटणार ते सांगत नाही. 'डोंबिवली फास्ट' (२००५) मधला बँकेतला माधव आपटे मला मर्टनसाठी जास्त चांगलं उदाहरण वाटतो. नियम पाळत, लोकल पकडत, वर्षानुवर्षं तिसऱ्या खान्यात बसलेला माणूस एक दिवस उठून पाचव्यात जातो, आणि हे खाने कायमचे नसतात, माणूस त्यात सरकतो, हे तो सिनेमा कुठल्याही टेक्स्टबुकपेक्षा नीट दाखवतो.

'दीवार' (१९७५) हा या विषयातला सगळ्यात वापरलेला हिंदी सिनेमा, आणि वापरून वापरून गुळगुळीत झालेलाही. बाप युनियन लीडर, मालकाच्या दबावाखाली सही करतो, कामगार त्याला गद्दार ठरवतात, तो परागंदा होतो आणि लोक मोठ्या पोराच्या हातावर गोंदून टाकतात, मेरा बाप चोर है. लेबलिंग थिअरी, म्हणजे लोकांनी शिक्का मारला की माणूस तसाच होत जातो हे, शिकवायला यापेक्षा उघड चित्र सापडणार नाही. एडविन लेमर्टने १९५१ मध्ये पहिलं विचलन (विचलन म्हणजे नियम मोडून वागणं) आणि शिक्का बसल्यावरचं दुसरं विचलन असा फरक केला, हॉवर्ड बेकरने १९६३ मध्ये म्हटलं की गुन्हेगारपण कृत्यात नसून लोक मारतात त्या शिक्क्यात असतं. इथे तर शिक्का कातडीत शिरलाय, फुल बाह्यांनी झाकता येतो, पुसता येत नाही.

पण हा सिनेमा दाखवला की वर्गात मागच्या बाकावरून कुणीतरी बोलतंच, "सर, धाकटा बी त्याच घरातला हाय की, तो कसा काय पोलीस झाला?" आणि हाच प्रश्न खरा. एकच आई, एकच फूटपाथ, एकच गरिबी, म्हणजे गरिबीने उत्तर येत नाही. शिक्का फक्त थोरल्यावर बसला हे एक, शाळा फक्त धाकट्याला मिळाली हे दुसरं, आणि गोदीत हप्ता मागणाऱ्या गुंडांना थोरल्याने बडवलं तेव्हा त्याची किंमत ओळखली ती पोलिसाने नाही, स्मगलरने, हे तिसरं. म्हणजे लेबलिंग, संधी आणि संगत तिन्ही एकदम लागतात. ज्याने गुन्हा केला त्याच्यावर पानं भरतात, पण ज्याने त्याच घरात राहून केला नाही त्याच्यावर सिद्धांत लावून बघितला तरच तो खरा आहे का ते कळतं.

आपल्या सिनेमातल्या जुन्या व्हिलनचं थोबाड मात्र थेट लोंब्रोसोचं. त्या इटालियन डॉक्टरने १८७६ मध्ये जन्मजात गुन्हेगार जबड्यावरून, कपाळावरून, कानावरून ओळखता येतो असं सांगितलं, विज्ञानाने ते कधीच फेकून दिलं, सिनेमाने नाही. गालावर व्रण, एक डोळा पांढरा, झालं काम. हसण्यावारी नेता आलं असतं पण इंग्रजांनी त्याच्याही आधी, १८७१ ला, अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता, तो १९५२ ला गेला आणि ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. बीड-धाराशिवकडे कुठे घरफोडी झाली की पारधी वस्तीवर गाडी आधी जाते ही तक्रार अजून संपलेली नाही. कपाळावर लिहिलेलं असतं ही म्हण आणि लोंब्रोसो यांच्यात फार अंतर नाही, म्हणून कुठल्या सिनेमात चोराचं जात-वस्तीचं रूप कसं दाखवलंय हे बघणं या अभ्यासात यायलाच पाहिजे, आणि तेच फार कमी होतं.

सिनेमा बघून पोरं बिघडतात का, हा वेगळा प्रश्न, पण त्याशिवाय हा विषय कधी संपत नाही. अमेरिकेत १९२९ पासून पेन फंड या संस्थेच्या पैशावर यावर मोठा अभ्यास झाला आणि १९३३ मध्ये ब्लूमर आणि हाऊसर यांनी सिनेमा आणि बालगुन्हेगारीवर पुस्तक काढलं, सिनेमाचा वाईट परिणाम काही पोरांवर होतो असं त्यात मांडलेलं. अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ एडविन सदरलंड मात्र त्याच्या उलट. गुन्हा हा शिकायचा असतो, आणि तो जवळच्या माणसांत शिकला जातो, सिनेमा-पेपर यांचा वाटा त्यामानाने किरकोळ, हे त्याच्या सिद्धांताच्या नऊ मुद्द्यांमध्येच येतं. आजी म्हणायची ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, सदरलंड त्यापेक्षा फार वेगळं बोलत नाही. मग १९५६ मध्ये डॅनियल ग्लेझरने दुरुस्ती केली की संगत प्रत्यक्षच पाहिजे असं नाही, माणूस दुरूनही कुणाला तरी आपला मानतो, आणि तो पडद्यावरचा पण असू शकतो. 'दृश्यम'चा केबलवाला (मूळ मल्याळम २०१३, हिंदी २०१५) इथे गंमत करतो, त्याला गुन्हेगारांची संगत नाही, शाळा चौथीतच सुटलेली, पोलिसांना कसं चकवायचं ते तो रात्र रात्र सिनेमे बघूनच शिकलेला. सदरलंडला हा माणूस कुठे बसवायचा ते अवघड जाईल. हिंदी 'दृश्यम' आणि 'डोंबिवली फास्ट' दोन्ही निशिकांत कामतांचे, हे जाता जाता.

कोहेन आणि फेल्सन यांची १९७९ ची थिअरी थोडक्यात होते. करायला तयार माणूस, हाताशी लागणारं सावज, आणि राखणदार नसणं, तिन्ही एका जागी आले की गुन्हा. दिवाळीनंतर बीडकडची गावं ऊसतोडीला निघतात, कुलपं लागतात, मागे म्हातारीकोतारी आणि लेकरं, राखण कुणाची नाही. चोरीचे सिनेमे याच हिशोबावर लिहिलेले असतात, मनात डोकावायची गरजच नसते.

सगळ्यात अवघड 'सैराट' (२०१६). तिथे ताण नाही, भूक नाही, वाईट संगत म्हणावी तर ती घरचीच. हैदराबादला जाऊन संसार मांडलेल्या आर्चीच्या दारात माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, ती चहा टाकते, आणि पुढचं सगळ्यांना माहितीय. साइक्स आणि मॅट्झा यांनी १९५७ मध्ये सांगितलं होतं की गुन्हा करणारा आधी स्वतःच्या मनाची समजूत काढतो, माझा नाइलाज होता, त्यांची तीच लायकी होती, आणि पाचवी समजूत अशी की मी हे आपल्या माणसांसाठी केलं. घराण्याची अब्रू म्हणजे ही पाचवी समजूत.

पण खरा घोळ ट्रॅव्हिस हर्शीचा होतो. १९६९ मध्ये त्याने उलटं विचारलं, माणसं गुन्हा का करत नाहीत, आणि उत्तर दिलं की घराशी, कामाशी, नियमांशी बांधलेली असतात म्हणून, दोरी सैल झाली की माणूस सुटतो. सैराटमध्ये दोरी सैल झालीच नाही, भाऊ घराला इतका घट्ट बांधलेला आहे की त्या बांधिलकीनेच तो खुनापर्यंत पोचतो. हर्शीच्या बाजूने म्हणता येईल की तो भाऊ कायद्याला बांधलेला नव्हता, पण मग घर आणि कायदा वेगवेगळ्या दिशेला ओढतात तेव्हा काय, याचं उत्तर त्याच्या थिअरीत नीटसं मिळत नाही.

या पद्धतीची मर्यादा सरळ आहे, लेखक कारण आधी ठरवतो आणि गुन्हा नंतर लिहितो, त्यामुळे सिद्धांत बसला तर त्यात नवल नाही. शिवाय कुठला गुन्हा उचलायचा हेही सिनेमा आधीच ठरवून देतो. सदरलंडने १९३९ च्या भाषणात पांढरपेशा गुन्हा हा शब्द पुढे आणला तो याच तक्रारीतून, की सगळे गरिबांच्याच गुन्ह्यांकडे बघत बसलेत. 'दीवार'मध्ये पहिला गुन्हा ना थोरल्याचा आहे ना त्याच्या बापाचा, तो बायकापोरांच्या जिवाची भीती घालून सही घेणाऱ्या मालकाचा आहे. पन्नास वर्षं झाली सिनेमाला, दरवर्षी कुठल्या ना कुठल्या वर्गात त्याच्यावर असाइनमेंट होतंच, त्या मालकावर लिहिलेलं अजून एकही माझ्या वाचनात आलेलं नाही.