मिश्र रेड वाइनचा आस्वाद

दोन किंवा अधिक जातींच्या काळ्या द्राक्षांपासून केलेली रेड वाइन म्हणजे मिश्र वाइन किंवा ब्लेंड. बहुधा प्रत्येक जात वेगळी आंबवतात आणि मग चाखून, प्रमाण ठरवून एकत्र करतात. एकाच जातीची वाइन अस्सल आणि मिश्र वाइन दुय्यम, हा समज चुकीचा आहे. फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या बहुतेक नामवंत रेड वाइन मिश्रच असतात. युरोपीय संघात बाटलीवर एकाच जातीचे नाव असले, तरी आत 15 टक्क्यांपर्यंत दुसरी द्राक्षे चालतात.

बोर्दोतल्या मिश्रणामागे आधी शेतकऱ्याची सावधगिरी आहे. मेर्लो ही द्राक्षाची जात लवकर पिकते, काबेर्ने सोव्हिन्यों (पुढे नुसती काबेर्ने) उशिरा; पाऊस किंवा थंडीने एक जात बिघडवली तर दुसरी हाताशी राहते. जमिनीचाही वाटा आहे. जिरोंद खाडीच्या डाव्या काठावरच्या मेदोकमध्ये गोटाळ जमीन उष्णता धरून ठेवते, म्हणून तिथे काबेर्नेवर भर असतो; उजव्या बाजूला पोमरोलच्या थंड चिकणमातीत मेर्लो रमते. फ्रान्सच्याच दक्षिण ऱ्होन खोऱ्यात ग्रेनाश, सिरा आणि मूर्वेद्र या जातींची जोडणी रूढ आहे, तर स्पेनच्या रिओहात तेम्प्रानियोला गार्नाचाची साथ मिळते.

चाखताना वाइन साधारण 16 ते 18 अंश सेल्सिअसला असावी. जास्त उबदार झाली की मद्यार्काचा वास पुढे येतो, फार गार असली की तुरटपणा बोचतो. पेला एक तृतीयांशच भरावा आणि पांढऱ्या कागदावर तिरपा धरून कडेचा रंग पाहावा: तरुण वाइनची कड जांभळट दिसते, मुरलेलीची विटकरी. पेला फिरवण्याआधी एकदा हुंगावे, फिरवून पुन्हा. काळ्या बेरींचा गंध बहुधा काबेर्नेचा, आलुबुखाराचा मेर्लोचा. ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास काबेर्ने फ्रांक या वेगळ्या जातीतही येतो, काबेर्ने सोव्हिन्योंमध्येही. त्यामुळे वासावरून जाती ओळखण्याच्या खेळात फार अडकू नये.

खरी पारख घोटाच्या मध्यभागी होते. काबेर्ने एकटी असली की अनेकदा सुरुवात जोरकस, शेवट तुरट आणि मधे पोकळी, असा अनुभव येतो. मेर्लोचा मांसल गर ती पोकळी भरतो, पती व्हर्दो ही आणखी एक जात थोडीशी घातली की रंग आणि कणा देते. तुरटपणा ही मुळात चव नव्हे, स्पर्श आहे: साल, बिया आणि लाकडी पिंपातून आलेली टॅनिन नावाची तुरट द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना धरतात आणि तोंड कोरडे पडते. चांगल्या मिश्रणात हा कोरडेपणा मखमली लागतो, खरखरीत नाही. घोट क्षणभर तोंडात घोळवून, थोडी हवा आत ओढून मग गिळावा. बऱ्याच वाइन चाखायच्या असतील तर थुंकून टाकावा.

एका घोटावर निकाल देऊ नये. तरुण आणि तुरट मिश्रण डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात, तासभर उघडे ठेवले की बंद गंध मोकळे होतात. फार जुन्या बाटलीचे मात्र उलट: गाळ मागे ठेवून अलगद ओतावी आणि लगेच चाखावी, कारण तिचा नाजूक गंध हवेत थोड्याच वेळात विरतो.