'बस' म्हटल्यावर कुत्रा नेमकं काय शिकतो?

घरात पिल्लू आलं की आठवडाभरात फोनवर जाहिराती दिसू लागतात. 'सात दिवसांत आज्ञाधारक कुत्रा.' 'पंधरा दिवस आमच्याकडे ठेवा, शिकवून परत देतो.' सोबतच्या व्हिडिओत कुणीतरी पट्ट्याला हिसका देतं, कुत्रा मान खाली घालून बसतो आणि वर लिहिलेलं असतं, 'आधी तुम्ही कळपाचे अल्फा व्हा.'

हे 'अल्फा', म्हणजे कळपावर हुकूम गाजवणारा म्होरक्या होण्याचं, प्रकरण एकदा संपायला हवं. १९४७ साली प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांची निरीक्षणं प्रसिद्ध केली आणि वर्चस्वासाठी झगडणाऱ्या कळपाचं चित्र तिथून पसरलं. १९७० मधल्या आपल्या पुस्तकातून ज्यांनी ते लोकप्रिय केलं, त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच पुढे कॅनडातल्या एल्समीअर बेटावर मोकळ्या लांडग्यांसोबत कित्येक उन्हाळे घालवले आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की नैसर्गिक कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. तरीही त्या जुन्या कल्पनेच्या नावाखाली आज कुत्र्यांच्या माना आवळल्या जातात. २०२० साली पोर्तुगालमधल्या संशोधकांनी ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास केला. धाक आणि शिक्षा वापरणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये तणावाच्या खुणा जास्त दिसल्या आणि प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही जास्त वाढलेलं होतं.

सात दिवसांचा दावा मात्र थोडा खोलात जाऊन तपासावा लागतो, कारण त्यासाठी कुत्रा शिकतो म्हणजे काय होतं हे बघावं लागतं. हा माझा अत्यंत आवडता विषय आहे.

पिल्लाला 'बस' शिकवताना बहुतेक घरांत काय चालतं? चिकनचा तुकडा चिमटीत धरून हात पिल्लाच्या नाकावरून डोक्यामागे न्यायचा. नाक वर गेलं की मागचा भाग आपोआप जमिनीला टेकतो. त्याच वेळी तोंडाने 'बस, बस, बस' चालू. थोड्याच दिवसांत पिल्लू पटापट बसायला लागतं. आता दोन्ही हात पाठीमागे घ्या, मान हलवू नका आणि एकदाच 'बस' म्हणा. बरीच पिल्लं तुमच्याकडे टकामका बघत उभी राहतील. मग 'हट्टी आहे, मुद्दाम करतो' असं म्हणत आपला आवाज चढतो. खरं तर त्याने तो शब्द शिकलेलाच नसतो. तो हाताची हालचाल शिकलेला असतो.

असं का होतं याचं उत्तर १९६०च्या दशकाच्या शेवटी मानसशास्त्रज्ञ लिऑन कॅमिन यांच्या उंदरांवरच्या प्रयोगांत मिळालं. उंदरांनी एक संकेत आधी पक्का शिकला होता: अमुक आवाज आला की विजेचा सौम्य झटका बसतो. नंतर त्याच आवाजाच्या जोडीला दिवाही लावायला सुरुवात झाली. दोन्ही संकेत झटक्याच्या आधी कितीतरी वेळा एकत्र आले. तरीही शेवटी नुसता दिवा लावला तेव्हा उंदरांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. दोन गोष्टी वारंवार एकत्र आल्या की मेंदू त्या जोडतो, ही आपली समजूत इथे साफ कोसळते. झटका येणार हे आवाजावरून आधीच कळत होतं, दिव्याने नवीन काही सांगितलं नाही, म्हणून दिवा शिकला गेला नाही.

१९७२ साली मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रेस्कॉर्ला आणि ॲलन वॅग्नर यांनी हे एका छोट्या समीकरणात बसवलं. प्रत्येक वेळी होणारं शिक्षण हे 'प्रत्यक्षात काय मिळालं' आणि 'काय मिळेल असं वाटलं होतं' यांच्यातल्या फरकाच्या प्रमाणात असतं. आकडे घालून पाहू. खाऊची किंमत १०० धरा आणि मेंदू दर वेळी फरकाचा पाचवा हिस्सा शिकतो असं समजा. सुरुवातीला अपेक्षा शून्य, फरक १००, म्हणून शिकणं २०. दुसऱ्या वेळी फरक ८०, शिकणं १६, एकूण अपेक्षा ३६. तिसऱ्या वेळी १२.८ ची भर पडते. दहाव्या वेळी भर पडते ती जेमतेम २.७ ची. एकाच वेळी दोन संकेत हजर असतील तर दोघांच्या अपेक्षांची बेरीज धरायची. हाताने आधीच ९० व्यापले असतील तर त्याच्यासोबत उच्चारलेल्या 'बस' या शब्दाच्या वाट्याला उरलेल्या १० मधला तुकडा येतो, आणि त्यातही हात वाटेकरी असतोच.

हे गणित मेंदूतही दिसलं. मेंदूचे अभ्यासक वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन सोडणाऱ्या पेशींचे विद्युत संकेत नोंदवले. आधी फळाच्या रसाचा थेंब मिळाला की पेशी उसळायच्या. दिवा लागला की रस येतो हे कळल्यावर त्या दिव्याला उसळू लागल्या आणि रस मिळताना गप्प राहू लागल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर तो यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जायची. पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांच्यासोबत १९९७ मध्ये त्यांनी याचा अर्थ मांडला: या पेशी अपेक्षेतली चूक मोजतात. कुत्र्यांबाबतचा पुरावा २०१२ मध्ये ग्रेगरी बर्न्स यांच्या गटाने दिला. त्यांनी दोन कुत्र्यांना भूल न देता, न बांधता एमआरआय यंत्रात स्वस्थ पडून राहायला शिकवलं. खाऊ मिळणार असं सांगणारी हाताची खूण दिसताच मेंदूतल्या कॉडेट या भागाची हालचाल वाढली. कॉडेटमध्ये डोपामिनचा निरोप पकडणारे रेणू (रिसेप्टर) भरपूर असतात.

म्हणजे शब्द शिकवायचा असेल तर क्रम बदलायचा. आधी शब्द, एकदाच. मग हात स्थिर ठेवून सेकंदभर थांबायचं. मग हाताची खूण, मग खाऊ. आता शब्द हाताची आगाऊ बातमी देतो आणि काही दिवसांनी पिल्लू हात हलायच्या आधीच बसतं. हा एक सेकंद थांबणं लोकांना फार जड जातं. धीर लागतो तो इथे.

बक्षिसाच्या वेळेचंही तसंच आहे. पिल्लू बसलं, तुम्ही खिशात खाऊ चाचपला, तेवढ्यात ते उठलं आणि मग तुकडा मिळाला, तर बक्षीस उठण्याला मिळालं. म्हणून टेकल्या क्षणी 'शाब्बास' म्हणायचं आणि त्यानंतर लगेच खाऊ द्यायचा. खाऊ नखाएवढा पुरतो. मनुका, चॉकलेट आणि कांदा मात्र कधीही नको, ते कुत्र्यांना विषारी आहेत.

अपेक्षा केलेलं मिळालं नाही की काय होतं, हे जेवणाच्या टेबलाशी कळतं. भुंकणाऱ्या कुत्र्याकडे सगळ्यांनी दुर्लक्ष करायचं ठरवलं, तर आधी भुंकणं वाढतं आणि मग ओसरू लागतं. नेमकं ते वाढलेलं असताना आजोबांना कणव येते आणि ते पोळीचा तुकडा खाली सरकवतात. आता कुत्र्याला कळलं की आणखी जोरात आणि आणखी वेळ भुंकलं की मिळतं. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसावर पोसलेली सवय दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसावरच्या सवयीपेक्षा चिवट असते. त्यामुळे शिकवायचं पहिलं काम घरातल्या माणसांचं असतं.

रात्री कुत्रं रडलं की कुणीतरी जाणार, ही भीती अजून कितीतरी घरांत आहे. त्या लांब सुरात कुत्रे दूरच्या कुत्र्यांशी संपर्क ठेवतात, कधी भोंग्याला साद घालतात, कधी एकटेपणाने रडतात. त्याचा कुणाच्याही मरणाशी संबंध नाही. पण अशुभ म्हणून ते घाईघाईने थांबवायला कुणी खाली जाऊन बिस्किटं टाकू लागलं, तर रडण्याला बक्षीस मिळतं आणि दुसऱ्या रात्रीही तोच सूर ऐकू येतो.

आता पुन्हा ते सात दिवस. वरच्या गणितात दहाव्या वेळी भर किती उरली ते आठवा. एकाच दिवशी पन्नास वेळा 'बस' करून घेण्यात बहुतेक मेहनत वाया जाते. शिवाय शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा हात असतो. २०१७ साली हंगेरीतल्या संशोधकांनी कुत्र्यांच्या डोक्यावर विद्युतपट्ट्या चिकटवून झोपेतल्या मेंदूलहरी नोंदवल्या, तेव्हा नवीन आज्ञा शिकल्यानंतरच्या झोपेत त्या लहरींचं रूप बदललेलं दिसलं.

मग रोजचा सराव कसा करायचा? मी तो दिवसाच्या कामांत पेरायला सांगेन: जेवणाचं भांडं ठेवण्याआधी एकदा 'बस', दार उघडण्याआधी एकदा 'थांब'. बागेत 'ये' म्हणून हाक मारायची, खाऊ द्यायचा आणि पुन्हा खेळायला सोडायचं. फक्त घरी न्यायच्या वेळी हाक मारली तर 'ये' म्हणजे खेळ संपला, एवढंच कुत्रा शिकतो. घरात जमलेलं रस्त्यावर जमत नसेल तर तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. कुत्रा जागेसकट शिकतो.

डेन्मार्कमध्ये ४४ बीगल जातीच्या कुत्र्यांना टोपलीत जाऊन थांबायला शिकवलं गेलं. २०११ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, आठवड्यातून एक-दोनदा शिकवलेले कुत्रे, तेवढ्याच धड्यांत, रोज शिकवलेल्यांपेक्षा पुढे गेले आणि लांब धड्यांपेक्षा छोटे धडे सरस ठरले. दिवस अर्थातच जास्त लागले. चार आठवड्यांच्या खंडानंतर पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा सगळ्याच गटांतल्या कुत्र्यांना शिकलेलं चांगलं आठवत होतं. तेव्हा परीक्षा, पाहुणे किंवा गावाला जाणं यात मध्ये काही दिवस सराव राहिला, तर 'सगळं विसरला' म्हणून चिडू नका. जिथे थांबला होतात त्याच्या एक पायरी अलीकडून पुन्हा सुरू करा.