मेढ्याचा पाऊस, म्हसवडचा टँकर आणि बाळाचा लंगोट

बहीण बाळंतपणाला सातारा जिल्ह्यातल्या मेढ्याला आली, जूनच्या शेवटी मुलगी झाली आणि त्याच आठवड्यात पावसाने जो जोर धरला तो ऑगस्ट संपेपर्यंत सोडला नाही. आईची तयारी मात्र जय्यत होती. जुनी सुती लुगडी फाडून तिने चाळीसएक बाळोती करून ठेवली होती. चौथ्या दिवशी चाळीसच्या चाळीस ओली! पडवीतल्या दोरीवर, खुर्च्यांच्या पाठींवर, पंख्याखाली, जिथे बघाल तिथे बाळोती. शेवटी शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर वाळवण सुरू झालं. (ही जुनी युक्ती करायची तर शेगडी पडवीतच ठेवावी. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि बाळंतिणीच्या खोलीची दारं-खिडक्या तर बंदच असतात.)

मग मी मेडिकलमधून डायपरचा पुडा आणला. आईने तो हातात घेऊन दाबून पाहिला आणि म्हणाली, "लेकराला प्लॅस्टिकात बांधून ठेवायचं व्हय?"

तिला उत्तर द्यायला म्हणून मी एक डायपर कात्रीने कापला. आत कापसासारखा लगदा निघतो, तो लाकडाचा असतो. तो झटकला की साखरेसारखे बारीक पांढरे दाणे पडतात. सोडियम पॉलिअॅक्रिलेट. एका डायपरमध्ये ते दहा-बारा ग्रॅमच असतात. वाटीत चमचाभर दाणे घेऊन वर तांब्याभर पाणी ओतलं, तर थोड्या वेळात वाटीबाहेर येईल इतकी जेली झाली. मग मी त्यावर चिमटीने मीठ टाकलं. जेली ढासळली, पाणी सुटलं. आई म्हणाली, "गोगलगायीवर मीठ टाकल्यागत झालं की." तुलना अगदी बरोबर आहे, दोन्हीकडे खेळ परासरणाचाच, म्हणजे क्षार जास्त तिकडे पाणी ओढलं जाण्याचा.

हे दाणे म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांची गुंतवळ. साखळीवर जागोजागी ऋणभार आणि त्याला चिकटून धनभारित सोडियम. पाणी आलं की सोडियम मोकळा होतो, साखळीवरचे ऋणभार एकमेकांना ढकलतात आणि गुंतवळ उलगडते. आत सोडियमची दाटी, बाहेर साधं पाणी, म्हणून पाणी आत धावतं. साखळ्या अधूनमधून एकमेकींना टाचलेल्या असल्यामुळे त्या विरघळून जात नाहीत, नुसत्या फुगतात. शुद्ध पाणी हे दाणे स्वतःच्या वजनाच्या काहीशे पट पितात. पण लघवी खारट. बाहेरही क्षार आले की आत-बाहेरचा फरक कमी होतो आणि क्षमता तीस-चाळीस पटींवर उतरते. तीही सुती कापडाला झेपणारी नाही. शिवाय कापड दाबलं की पाणी सोडतं, जेली सहसा सोडत नाही. बाळ ओल्यावर बसलं तरी ढुंगण कोरडं राहतं ते यामुळे.

गंमत म्हणजे या दाण्यांची पूर्वज जेली बाळांसाठी जन्मलीच नव्हती. अमेरिकेच्या शेतीखात्याची पिओरिया गावात प्रयोगशाळा आहे. तिथे १९६० च्या दशकात संशोधकांनी मक्याच्या स्टार्चवर रासायनिक साखळ्या जोडून पाणी धरणारा पदार्थ तयार केला. कोरड्या जमिनीत ओल टिकवणं हा त्याचा एक मुख्य उपयोग मानला जात होता. त्याच पिओरियात १९६१ मध्ये पॅम्पर्स हा डायपर पहिल्यांदा विक्रीला आला. तो करवून घेणारे रसायन अभियंता व्हिक्टर मिल्स नातवंडांचे लंगोट बदलून वैतागले होते. त्या डायपरमध्ये नुसता कागदी लगदा होता. दोन्ही गोष्टींची गाठ पडायला १९८० चं दशक उजाडलं.

आईचा आक्षेप मात्र जेलीने मिटत नाही. तिला काळजी होती ती लाल पुरळाची.

पुरळ कशाने येतं याबद्दल फार काळ एकट्या लघवीतल्या अमोनियाला दोष दिला जाई. खरी गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. लघवीत युरिया असतो, तो एकटा निरुपद्रवी. पण शी आणि शू एकत्र झाली की शीमधले जिवाणू युरियाचा अमोनिया करतात, त्वचेचं आम्ल संपतं आणि शीमधली प्रथिनं व चरबी पचवणारी विकरं जोमाने कामाला लागतात. त्यांना दूध आणि त्वचा यांत फरक कळत नाही. त्यात कातडी ओलीने फुगलेली असली आणि वर घासली गेली, की झालं. म्हणजे दोषी कापड नाही आणि प्लॅस्टिकही नाही. दोषी आहे शी-शूची एकत्र ओल आणि ती अंगाला लागून राहण्याचा वेळ. बाळोतं ओलं झालं की बाळ रडतं, आपण बदलतो. डायपरमध्ये बाळ रडत नाही, आणि तिथेच फसगत होते. पुड्यावर 'बारा तास कोरडं' लिहिलेलं असतं. शी झाल्यावर ते बारा तास विसरावेत आणि लगेच बदलावा. नुसती शू असेल तर दिवसा दोन-तीन तासांनी. पावडर थापायची गरज नाही, ती श्वासावाटे छातीत जाते. झिंक ऑक्साइडचं मलम पुरे. आणि पुरळ तीन-चार दिवसांत हटलं नाही, जांघेच्या घडीत लालभडक होऊन कडेला सुटे ठिपके दिसले, तर ती बहुधा बुरशी असते. तिथे डॉक्टरच हवेत.

सप्टेंबरात ऊन पडलं आणि आईच्या बाळोत्यांचे दिवस परत आले. पिवळे डाग साबणाने पुरते निघत नव्हते, पण दोरीवर दुपारभर राहिले की फिके पडत. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीचा पिवळा रंग बराचसा बिलिरुबिन या रंगद्रव्याचा असतो. कावीळ झालेल्या नवजात बाळाला दवाखान्यात निळ्या प्रकाशाखाली ठेवतात ते याच बिलिरुबिनचं रूप बदलण्यासाठी. प्रकाशाचा हा गुण इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात १९५० च्या दशकात ध्यानात आला. तिथल्या परिचारिका जीन वॉर्ड बाळांना अंगणातल्या उन्हात नेत, तेव्हा उघड्या अंगाचा पिवळेपणा कमी झालेला दिसे. पुढे खिडकीत उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नमुन्याच्या नळीतही बिलिरुबिन उतरलेलं आढळलं. आमच्या दोरीवर रोज दुपारी तेच चाललं होतं.

फेब्रुवारीत बहीण सासरी गेली. सासर माण तालुक्यातल्या म्हसवडजवळ. मेढ्याशेजारच्या महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, माणमध्ये पाचशेच्या आसपास, आणि जिल्हा एकच. तिथे ऊन हवं तेवढं, बाळोतं तासाभरात कडक वाळतं. पण धुवायचं कशाने? बोअरचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली की फेस येत नाही, चिकट साय मात्र धाग्यांत बसते. कापड राठ होतं आणि पाणीही कमी शोषतं. त्यावर उपाय म्हणून कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव घातलं तर शोषण आणखी घटतं.

मी हिशोब मांडला. बाळोती धुवायला दिवसाला तीन बादल्या, म्हणजे ४५ लिटर. गावपाणी योजनेत माणशी रोजचं प्रमाण ५५ लिटर धरतात. म्हणजे जवळजवळ एका माणसाचं पाणी नुसत्या बाळोत्यांना. दोन वर्षांचे होतात सुमारे ३३ हजार लिटर, दहा हजारी टँकर तीन भरून वर उरतील इतके. दुसरीकडे दिवसाला सहा डायपर, नग बारा रुपये धरला तर दोन वर्षांत ५२ हजार. कोणतंही एक सरसकट निवडलं तर बोजाच.

ब्रिटनमध्ये याचा अभ्यास झालाय. तिथल्या पर्यावरण संस्थेच्या २००८ च्या अहवालानुसार अडीच वर्षांत डायपरपोटी ५५० किलो कार्बन डायऑक्साइड, तर कापडी लंगोटापोटी ५७०. आश्चर्य वाटेल, पण कापडाचा आकडा वाढवतात गरम पाण्याचं मशीन आणि विजेवरचं वाळवणं. मशीन पूर्ण भरून लावलं, लंगोट दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या बाळालाही वापरले तर सुमारे २०० किलो वाचतात. २०२३ च्या ताज्या अभ्यासात कापड सरळ पुढे गेलं: ३४५ विरुद्ध ४५७. आमच्याकडे हाताने धुणं, उन्हात वाळवणं आणि कापड जुन्या लुगड्याचं, त्यामुळे आकडा याहूनही खाली असणार.

राहिला कचरा. 'डायपर कुजायला पाचशे वर्षं लागतात' असं छातीठोक सांगतात. पहिल्या पॅम्पर्सला अजून सत्तर वर्षंही झालेली नाहीत, तेव्हा पाचशे कुणी मोजली? पण प्लॅस्टिक लवकर कुजत नाही हे खरं, आणि कुत्र्याने उकिरड्यावरून ओढून आणलेला डायपर ओढ्यात गेला की शीमधले जंतू पाण्यात जातात. तान्ह्या बाळाची शी स्वच्छ असते हा भाबडा समज आहे. शी आधी संडासात टाकायची, डायपर घट्ट गुंडाळून वर कागद, आणि मग घंटागाडीत वेगळा द्यायचा. २०१६ च्या घनकचरा नियमांतही गुंडाळून देण्याची सूचना होती आणि त्यासाठी पिशवी पुरवण्याची जबाबदारी कंपनीवर टाकली होती. संडासात डायपर कधीच टाकू नये. जेली फुगली की संडासाचा पाइप तुंबतो. जाळणंही नको, ओली जेली जळत नाही, प्लॅस्टिकचा धूर तेवढा होतो.

बहिणीच्या घरी घडी बसली ती अशी: रात्री आणि प्रवासात डायपर, दिवसा बाळोती. शिवाय सासूबाई रोज सकाळी उठल्या उठल्या नातीला दोन्ही पायांवर बसवून 'शूऽऽ' करतात. तेवढ्या आवाजाला पोरगी बरोबर प्रतिसाद देते आणि दिवसाची दोन-तीन बाळोती वाचतात. पाण्याच्या हिशोबात माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा हा उपाय सरस ठरला.

मीठ आणि जेलीचा प्रयोग मी तिथेही करून दाखवला. बहिणीचे सासरे डाळिंबवाले. वाटी बराच वेळ बोटाने हलवत राहिले.

"पाव्हणं, ह्ये डाळिंबाच्या खड्ड्यात घातलं तर?"

मी सांगितलं, वापरलेलं नको, त्यात शी-शू आणि प्लॅस्टिक. कोरं घातलं तरी त्यातला सोडियम जमिनीला चांगला नाही. शेतीसाठी वेगळी जेली मिळते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजपासून 'पूसा हायड्रोजेल' तयार केलंय.

"ते कितीला पडतं?" सासऱ्यांनी विचारलं, आणि कागद-पेन घेऊन झाडं मोजायला बसले.