केबिन एअर फिल्टर : ग्वाल्हेरच्या धुळीत तो कधी आणि कसा बदलायचा

केबिन एअर फिल्टर म्हणजे गाडीच्या एसीतून किंवा हीटरमधून आपल्या तोंडावर येणारी हवा गाळणारी, घड्याघड्यांची चौकोनी पट्टी. गॅरेजमधे याला सरळ एसी फिल्टर म्हणतात, काही जण पोलन फिल्टर पण म्हणतात. बॉनेटखालचा इंजिनचा एअर फिल्टर वेगळा, त्याची चौकशी सर्व्हिसच्या वेळी सगळे आठवणीने करतात. हा दुसरा मात्र ग्लोव्ह बॉक्सच्या मागे लपलेला असतो त्यामुळे गाडी विकेपर्यंत त्याचं तोंड न पाहिलेली माणसं मी कितीतरी पाहिलीयत.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या नॅश कंपनीने १९३८ च्या मॉडेलमधे बाहेरची हवा गाळून, तापवून आत सोडायची सोय दिली होती. आपल्याकडे मात्र छोट्या गाड्यांच्या खालच्या मॉडेलमधे बरीच वर्षं हा फिल्टर यायचाच नाही, खाच असायची पण रिकामी नाहीतर प्लॅस्टिकने बंद. म्हणून जुनी गाडी असेल तर आधी फिल्टर आहे का तेच बघावं.

आता काम कसं करतो ते. ब्लोअर, म्हणजे एसीचा पंखा, काचेच्या खालच्या जाळीतून बाहेरची हवा ओढतो, किंवा रीसर्क्युलेशनचं बटण दाबलेलं असेल तर आतलीच परत ओढतो, आणि बहुतेक गाड्यांत दोन्ही हवा याच फिल्टरमधून जाऊन मग थंड कॉइलवर, म्हणजे इव्हॅपोरेटरवर पोचते. लोकांना वाटतं ही चाळणी आहे, भोकापेक्षा मोठा कण अडकतो आणि लहान निघून जातो. तसं नसतं. आत सिंथेटिक धाग्यांचं जंगल असतं, कण धाग्यांवर आदळून चिकटतात, अगदी बारीक कण भरकटत जाऊन चिकटतात आणि चांगल्या फिल्टरच्या धाग्यांवर स्थिर विजेचा भार असतो तो पण कण ओढून घेतो. घड्या यासाठी की तेवढ्याच जागेत कापड जास्त मावतं. चारकोलवाल्या फिल्टरमधे शिवाय अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे खास तयार केलेला कोळसा असतो, तो धुराचा वास आणि काही वायू धरून ठेवतो. साधा फिल्टर परागकण आणि रस्त्याची जाड धूळ छान अडवतो, पण पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांचा धूर त्यातून बराच निसटतो. हे फिल्टर मोजायला आयएसओ १११५५ नावाचं स्टँडर्ड आहे, कणांसाठी एक भाग आणि वायूंसाठी दुसरा.

ग्वाल्हेरला हे सगळं जास्त लागू पडतं. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने शहरांच्या हवेची यादी काढली त्यात पीएम २.५ च्या हिशोबाने आपलं गाव जगात दुसरं होतं, वर्षाची सरासरी घनमीटर हवेत १७६ मायक्रोग्रॅम, आणि आपल्या देशाची मर्यादा ४० आहे. नंतर २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही ग्वाल्हेरचं नाव आलं. एप्रिलपासून जूनपर्यंत राजस्थानकडून आंधी, म्हणजे धुळीचं वादळ येतं, दुपारचे चार वाजले असतात आणि बाड्यावर, म्हणजे गावातल्या मुख्य चौकात दिवे लावावे लागतात, किल्ला दिसेनासा होतो. थंडीत उलट, हवा हलतच नाही, धूर आणि धुकं एकत्र जमिनीलगत बसून राहतं. मॅन्युअलमधे साधारण १५ ते २० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलेलं असतं आणि त्याच पानावर बारीक अक्षरात धुळीच्या भागात लवकर बदला असंही असतं. ते धुळीच्या भागातले लोक म्हणजे आपण. माझं तर स्पष्ट मत आहे की इथे किलोमीटर मोजूच नयेत, ऋतू मोजावेत. लश्कर या गावातल्याच एका भागात फिरणारी गाडी वर्षाला चार हजार किलोमीटर पण होत नाही, पण आंधी तिच्यावरूनही तेवढीच जाते.

मागच्या जूनमधली गोष्ट. आमच्या आत्याला दम्याचा त्रास आहे आणि तिची गाडी वर्षभर अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी असते. म्हणाली, "अरे बघ जरा, एसी चारवर ठेवला तरी वारा लागत नाही आणि सुरू केला की कुबट वास येतो." गाडी चार वर्षांची होती. ग्लोव्ह बॉक्स उतरवून फिल्टर बाहेर काढला तर पांढऱ्याचा पार काळा-करडा झालेला, प्रत्येक घडीत कडुनिंबाची वाळलेली पानं, त्याच्या फुलांचा पिवळट चुरा, एक कबुतराचं पीस, आणि एका कोपऱ्यात ओल धरून हिरवट बुरशी. हातात घेतला तर नव्यापेक्षा चांगलाच जड लागला. आत्या काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. मग आत जाऊन सर्व्हिसची बिलं घेऊन आली, दर बिलात एसी फिल्टर सफाईचे पैसे लावलेले होते आणि तो डबा एकदाही उघडलेला नव्हता, झाकणाच्या क्लिपवर गाडी आल्यापासूनची धूळ तशीच बसली होती. मला फार राग आला. दम्याच्या माणसाच्या श्वासाचा प्रश्न आहे हा.

तुंबलेल्या फिल्टरबद्दल एक गैरसमज आहे की तो धूळ आत सोडतो. खरं तर भरलेला फिल्टर कण अडवतो, पण हवा पुरेशी पुढे जाऊ देत नाही, मग ब्लोअर नुसता आवाज करतो, आणि फिल्टर नीट बसलेला नसेल तर थोडी हवा कडेच्या फटीतून न गाळता जाते. हवा कमी पडली की इव्हॅपोरेटरवर बर्फ धरू शकतो. एसी चालला की कॉइल ओली होते, तिच्यावर धूळ बसली की बुरशी वाढते आणि तोच तो कुबट वास. सगळ्यात धोक्याचं जानेवारीच्या धुक्यात, काचेवरची वाफ घालवायला जी हवा लागते ती पण याच फिल्टरमधून येते, ती कमी आली तर काच साफच होत नाही आणि समोरचा ट्रक दिसत नाही.

बदलणं दहा मिनिटांचं काम आहे. इंजिन आणि ब्लोअर बंद करा, ग्लोव्ह बॉक्स रिकामा करा, बाजूला छोटी दोरी किंवा दांडी असेल ती सोडवा, दोन्ही भिंती आत दाबल्या की तो खाली लोंबतो. मागे काळं झाकण दिसेल, दोन्हीकडच्या क्लिपा दाबून काढा. काही गाड्यांत ही जागा पायांपाशी असते, काहींत बॉनेट उघडून काचेखाली. जुना फिल्टर आडवा आणि अगदी हळू ओढा, तिरका केलात तर पानं सरळ ब्लोअरच्या पंख्यात पडतात आणि मग खडखड सुरू. काढायच्या आधी त्याच्या कडेवरचा बाण कुठे होता ते बघून ठेवा. बाण म्हणजे हवेची दिशा, नवा फिल्टर त्याच दिशेने बसवायचा. बाण पुसलेला असेल तर जुन्याची जी बाजू जास्त मळलीय ती हवा येते तिकडची. खाच व्हॅक्यूमने नाहीतर ओल्या फडक्याने पुसा, नवा फिल्टर न मुडपता सरकवा, झाकणाचा टक आवाज आला पाहिजे.

धुवून परत वापरू नका, कृपा करून. साधा कापडी फिल्टर पाण्याने आकार सोडतो, धाग्यांवरचा भार जातो, आणि ओला राहिला तर बुरशीला घरच मिळतं. कॉम्प्रेसरच्या हवेने वरची पानं-माती उडते, अडीअडचणीला महिनाभर चालेल, त्यापलीकडे नाही. साधा फिल्टर काहीशे रुपयांत मिळतो, चारकोलवाला थोडा महाग, पण ज्यांच्या घरी दमा किंवा लहान मूल आहे त्यांनी तोच घ्यावा. हेपा लिहिलेला फार दाट फिल्टर घेताना तो आपल्याच गाडीसाठी बनवलेला आहे ना ते विचारा, नाहीतर हवेचा जोर कमी होतो.

माझा हिशोब वर्षाला दोनदा. एक जूनच्या शेवटी, आंधी संपली आणि पहिला पाऊस पडायचाय तेव्हा, कारण तीच धूळ पावसाळ्यात ओली होऊन सडते. दुसरा दिवाळीनंतर लगेच. आणि आंधी चालू असताना रीसर्क्युलेशन लावा, पण चार-पाच माणसं असताना तासन्‌तास तसंच ठेवू नका, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गाडी चालवणाऱ्याला पेंग येते.

जुना फिल्टर अंगणात झटकू नका, वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात द्या. नव्याच्या फ्रेमवर बसवायच्या आधी मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा, आत्याच्या गाडीत आता तसं लिहिलेलं आहे आणि सर्व्हिसला गाडी दिली की परत आल्यावर ती स्वतः ग्लोव्ह बॉक्स उतरवून ती तारीख बघते.